नजरअंदाज आणि अंतिम : नव्या स्मार्टफोनवरील वापरपूर्व टीकेची चिकित्सा

सारांश :
नव्या स्मार्टफोनची घोषणा होताच, तो कोणाही ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी, आंतरजालावर त्याच्या गुणदोषांचा निवाडा सुरू होतो. या टीकेला प्रस्तुत लेखात 'वापरपूर्व टीका' असे संबोधले आहे. ही टीका सरसकट त्याज्य मानता येत नाही, तशी ती सरसकट ग्राह्यही धरता येत नाही. तिचे अधिकारक्षेत्र कोठवर आहे, याचा शोध न्यायदर्शनातील प्रमाणविचाराच्या आधारे येथे घेतला आहे. २००७ ते २०१९ या काळातील पाच निवडक उदाहरणांची तपासणी करून, भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावातील ग्राहकाच्या दृष्टीने या टीकेचे मोल काय, याचा विचार केला आहे. महसूल व्यवस्थेतील नजरअंदाज, सुधारित व अंतिम पैसेवारी ही त्रिस्तरीय पद्धत टीकाव्यवहाराला मार्गदर्शक ठरू शकते, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : वापरपूर्व टीका, प्रत्यक्ष, अनुमान, आप्तवाक्य, ग्राहक, पैसेवारी.

१. प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या विस्ताराने सामान्य माणसाच्या हाती जी साधने आली, त्यांत स्मार्टफोनचे स्थान सर्वांत वेगळे आहे. दूरध्वनी, कॅमेरा, घड्याळ, विजेरी, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि शासकीय नोंदी या सर्व गोष्टी एका लहानशा वस्तूत सामावल्या आहेत. बेताचे उत्पन्न असलेल्या कुटुंबात अशी वस्तू वारंवार घेतली जात नाही. काही वर्षांतून एकदा, चार ठिकाणी चौकशी करून आणि पैशांची जुळवाजुळव करून ती घेतली जाते. त्यामुळे खरेदीपूर्वी मिळणाऱ्या सल्ल्याला येथे विशेष महत्त्व आहे.

हा सल्ला पूर्वी शेजारी, नातेवाईक आणि दुकानदार यांच्याकडून मिळत असे. या तिघांच्या सल्ल्यात स्वार्थ असेल, अज्ञान असेल. परंतु वस्तू त्यांच्या हाताखालून गेलेली असे. आज हा सल्ला मुख्यतः आंतरजालावरून येतो आणि त्यातील मोठा भाग वस्तू बाजारात येण्यापूर्वीच लिहिला वा बोलला गेलेला असतो. फोनची छायाचित्रे फुटतात, वैशिष्ट्यांची यादी प्रसिद्ध होते, सादरीकरणाचा समारंभ होतो आणि त्याच दिवशी 'घेऊ नये' किंवा 'डोळे झाकून घ्यावा' असे निकाल लागतात. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण मराठी माणसाने ज्या प्रसंगासाठी घडवली, तो प्रसंग येथे दर महिन्याला घडताना दिसतो.

तथापि एवढे म्हणून हा विषय संपत नाही. खरेदी ही वापरापूर्वीच करावयाची असते. वापरल्याखेरीज मत देऊ नये, असा कडक नियम केला तर ग्राहकाला खरेदीच्या क्षणी कोणतेही मार्गदर्शन उरणार नाही. म्हणून वापरापूर्वी टीका करावी की करू नये, हा प्रश्न बाजूला ठेवून, वापरापूर्वी कोणत्या गोष्टींविषयी बोलण्याचा अधिकार टीकाकाराला पोहोचतो, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

२. 'टीका' या शब्दाचा विस्तार आणि संकोच

मराठीत 'टीका' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ भाष्याचा, म्हणजे मूळ ग्रंथाचा आशय उलगडून दाखवण्याचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेली 'भावार्थदीपिका' ही भगवद्गीतेवरील टीका आहे, असे आपण म्हणतो, तेव्हा दोषदिग्दर्शनाची छटाही त्या शब्दाला नसते. दुसरा अर्थ दोष दाखवण्याचा. आधुनिक काळात वृत्तपत्रे व नियतकालिके यांच्या वाढीबरोबर हा दुसरा अर्थ बोलीत प्रबळ झाला. पहिल्या अर्थाची टीका करण्यासाठी मूळ ग्रंथात शिरावे लागते. दुसऱ्या अर्थाची टीका मात्र ग्रंथाच्या वेष्टनावरूनही करता येते, किंबहुना तशी ती अनेकदा केली जाते.

साहित्य व नाट्य यांच्या क्षेत्रात हा भेद परिचित आहे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. नाना फडणविसांच्या चित्रणावर त्या नाटकाला तीव्र आक्षेप घेतले गेले. एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीचे चित्रण न्याय्य आहे की नाही, हा आक्षेप संहिता वाचूनही घेता येतो. परंतु जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनातील मानवी पडदा, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि त्यांतून उभा राहणारा सत्तेचा खेळ यांचा परिणाम कथानक ऐकून सांगता येत नाही. तेथे प्रेक्षागृहात बसावे लागते. एकाच कृतीविषयीचा एक आक्षेप अनुभवापूर्वी संभवतो आणि दुसरा अनुभवानंतरच संभवतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

स्मार्टफोन ही कलाकृती नव्हे, ती उपयोगाची वस्तू आहे. परंतु उपयोगाच्या वस्तूबाबत हा भेद अधिकच ठळक होतो. कारण तिचे सारे मोल वापरातच असते.

३. प्रमाणविचाराची कसोटी

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फोन वापरणाऱ्याचे मत प्रत्यक्षावर आधारलेले असते. न वापरणाऱ्याचे मत उरलेल्या तिघांवर आधारलेले असते. जुन्या फोनशी तुलना करून तो उपमानाचा आधार घेतो, वैशिष्ट्यांच्या यादीवरून तो अनुमान करतो आणि कंपनीचे वा अन्य टीकाकाराचे म्हणणे तो शब्दप्रमाण मानतो. ही तिन्ही प्रमाणे भारतीय परंपरेने गौण मानून टाकून दिलेली नाहीत. प्रत्येकाच्या ग्राह्यतेच्या अटी मात्र तिने काटेकोरपणे सांगितल्या आहेत.

अनुमानासाठी व्याप्ती सिद्ध असावी लागते. जेथे धूर तेथे अग्नी, हा संबंध वारंवार पाहिलेला असतो, म्हणून डोंगरावरील धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे सांगता येते. फोनचा पडदा मोठा आहे, म्हणून तो लोकांना गैरसोयीचा वाटेल, या विधानात अशी व्याप्ती सिद्ध झालेली नाही. मोठा पडदा काहींना गैरसोयीचा, काहींना सोयीचा असू शकतो. अशा हेतूला नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात आणि त्याची गणना हेत्वाभासांत करतात. याउलट, सुट्या भागांची एकत्रित किंमत विक्रीच्या किमतीहून कितीतरी अधिक असेल तर तो व्यवहार टिकणार नाही, या विधानामागे व्यापाराचा दीर्घ अनुभव आहे. येथे व्याप्ती सिद्ध आहे, म्हणून अनुमान ग्राह्य आहे.

शब्दप्रमाणाचीही अट आहे. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि आप्त म्हणजे ज्याने विषय स्वतः जाणला आहे व जाणला तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा वक्ता. वापरपूर्व टीकाकार प्रामाणिक असला तरी पहिली अट तो पूर्ण करीत नाही. कंपनीचा प्रवक्ता पहिली अट पूर्ण करतो. दुसरीविषयी शंका राहते. ग्राहक या दोघांच्या मध्ये उभा असतो.

४. पाच उदाहरणे

या कसोटीवर अलीकडील काही प्रसंग तपासून पाहता येतील.

(अ) ॲपल कंपनीने पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवला. विक्री सुरू झाली ती २९ जून २००७ रोजी. मधल्या साडेपाच महिन्यांहून अधिक काळ जगभर त्यावर टीका होत राहिली, आणि टीकाकारांपैकी जवळजवळ कोणाच्याही हाती तो नव्हता. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बाल्मर यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले होते : किंमत फार आहे आणि बटणांचा कळफलक नाही. पुढे काय घडले, हे बोधप्रद आहे. ५ सप्टेंबर २००७ रोजी, विक्रीला अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, कंपनीने आठ गिगाबाइटच्या फोनची किंमत ५९९ डॉलरवरून ३९९ डॉलरवर आणली. म्हणजे किमतीविषयीची टीका निराधार नव्हती. कळफलकाविषयीची टीका मात्र काळाने पूर्णतः खोडून काढली. काचेवर बोटाने लिहिण्याची सवय लागते की नाही, हे लिहून पाहिल्याखेरीज कळण्यासारखे नव्हते. एकाच व्यक्तीच्या एकाच प्रतिक्रियेतील अर्धा भाग टिकला आणि अर्धा कोसळला. टिकलेला भाग आकड्याविषयी होता, कोसळलेला हाताच्या सवयीविषयी.

(आ) सॅमसंगने १ सप्टेंबर २०११ रोजी बर्लिन येथे ५.३ इंची पडद्याचा 'गॅलॅक्सी नोट' जाहीर केला, तेव्हा त्याच्या आकाराची यथेच्छ थट्टा झाली. कानाला लावल्यावर तो कसा दिसेल, यावर विनोद झाले. ऑगस्ट २०१२ पर्यंत कंपनीने सांगितलेला त्याचा पुरवठा एक कोटीवर गेला होता आणि पुढील काही वर्षांत त्याहूनही मोठे पडदे सर्वसाधारण झाले. टीकाकारांनी दिलेले माप अचूक होते. चूक होती ती गृहीतकात. फोन म्हणजे कानाला लावण्याची वस्तू, असे त्यांनी धरले होते. लोक मात्र तो डोळ्यांसमोर धरण्यासाठी घेऊ लागले होते. वापर बदलत असताना जुन्या वापराच्या आधारे केलेले अनुमान फसते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(इ) याच्या अगदी उलट प्रसंग भारतात घडला. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीत 'फ्रीडम २५१' नावाचा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देण्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी नोंदणी सुरू होताच कंपनीचे संकेतस्थळ कोलमडले. या किमतीत फोन बनूच शकत नाही, असे उद्योगक्षेत्रातील जाणकार सांगत होते. ईशान्य मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनीही जाहीरपणे शंका उपस्थित केली होती. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यावरील दुसऱ्या कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकल्याचे आढळले. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकास अटक झाली. येथे 'आधी वापरा, मग बोला' असे टीकाकारांना सांगणे म्हणजे फसवणुकीला मुदत देणे ठरले असते. ज्या वस्तूचे अस्तित्वच संशयास्पद आहे, तिच्यावरील टीका वापरपूर्वच असावी लागते.

(ई) वापरपूर्व स्तुतीही वापरपूर्व टीकेइतकीच तपासली पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ रोजी जाहीर झालेल्या 'गॅलॅक्सी नोट ७' या फोनचे आरंभी भरभरून कौतुक झाले. १९ ऑगस्टला काही देशांत विक्री सुरू झाली, बॅटरी पेट घेत असल्याच्या तक्रारी आल्या, २ सप्टेंबरला फोन परत मागवण्याची घोषणा झाली आणि ११ ऑक्टोबरला त्याचे उत्पादनच थांबवण्यात आले. भारतात तो ग्राहकांच्या हाती पडण्यापूर्वीच हे घडले. कौतुक करणाऱ्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांनी जे पाहिले ते चांगलेच होते. दोष लपलेला होता तो दिवसांच्या वापरात आणि हजारो हातांत.

(उ) एप्रिल २०१९ मध्ये घडीच्या 'गॅलॅक्सी फोल्ड' या फोनबाबत मूल्यमापनाचे मोल सिद्ध झाले. घोषणेनंतर सर्व चर्चा त्याच्या १,९८० डॉलर किमतीभोवती आणि पडद्यावरील घडीच्या खुणेभोवती फिरत होती. विक्रीपूर्वी मोजक्या समीक्षकांना फोन दिले गेले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत अनेकांचे पडदे बिघडले. काहींनी पडद्यावरील थर संरक्षक पट्टी समजून काढला होता, काहींच्या फोनमध्ये तसे न करताही बिघाड झाला. कंपनीने २६ एप्रिलची ठरलेली विक्री पुढे ढकलली आणि सुधारित फोन सप्टेंबरमध्ये आणला. दोन महिन्यांच्या वापरपूर्व चर्चेने जे दाखवले नाही, ते दोन-चार दिवसांच्या वापराने दाखवले.

या पाचही उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. किंमत, माप, वजन, जाहीर अटी, आश्वासनाची शक्यता आणि कंपनीचे धोरण यांवर वापरापूर्वी बोलता येते. कारण या गोष्टी घोषणेतच पूर्णपणे हजर असतात. सोय, सवय, टिकाऊपणा, सुरक्षितता आणि समाधान यांवर वापरापूर्वी बोलता येत नाही. कारण या गोष्टी माणूस आणि वस्तू यांच्या सहवासात निर्माण होतात. पहिल्या प्रकारची टीका आश्वासनाची टीका होय, दुसरी अनुभवाची. आश्वासनाच्या टीकेने अनुभवाच्या टीकेची भाषा उसनी घेतली, की दोष निर्माण होतो.

५. वापरपूर्व टीका का वाढली?

या वाढीला टीकाकारांचा उतावळेपणा हे एकच कारण देणे अपुरे आहे. विक्रीची रीत बदलली, हे त्यामागील अधिक खोलवरचे कारण होय. २०१४ च्या जुलै महिन्यात शाओमीने 'मी ३' हा फोन १३,९९९ रुपयांस भारतात आणला, तो केवळ फ्लिपकार्टच्या माध्यमातून. ठरावीक वेळी विक्री सुरू व्हायची आणि काही मिनिटांत साठा संपायचा. या पद्धतीत ग्राहकाला वस्तू हाताळण्याची संधी नव्हती आणि विचार करण्यास वेळही नव्हता. निर्णय विक्रीच्या घटकेपूर्वीच झालेला असावा लागे. मग तो कशाच्या आधारे व्हावा? हाताने जे काम करायचे ते शब्दांकडे आले.

मराठी ग्राहकाच्या संस्कारात पारखून घेण्याला मोठे स्थान आहे. मडके घेताना ते टिचकी मारून वाजवून पाहतात, बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, लुगड्याचा पदर बोटांत धरून पोत पाहतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण त्यासाठी निदान एक शीत तरी बोटांत चिरडून पाहावे लागते. वापरपूर्व टीका तांदळाच्या पोत्यावरील मजकूर वाचून भाताची चव सांगते. एका परीने ती ग्राहकाच्या हिरावल्या गेलेल्या टिचकीची जागा भरण्याचा प्रयत्न करते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती जागा भरली गेली आहे, असा आभासही तीच निर्माण करते.

दुसरे कारण वेळेच्या अर्थकारणाचे आहे. नव्या फोनविषयीचे कुतूहल घोषणेच्या दिवशी सर्वाधिक असते. सहा महिने वापरून लिहिलेल्या मजकुराला तेवढा वाचक मिळत नाही, जाहिरातही मिळत नाही. कारण तोवर पुढचा फोन आलेला असतो. जो आधी बोलतो त्याला वाचक, आणि जो नीट पाहून बोलतो त्याला उशीर झालेला, अशी ही रचना आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी आयफोन ७ मधून हेडफोनची खाच काढून टाकली गेली तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये ती खाच असल्याचे मिरवले, आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून तीही काढली. गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर आपल्या मताचा हिशेब तपासला? आधीचे मत मागे घेण्याची वा दुरुस्त करण्याची कोणतीही प्रथा या व्यवहारात रुजलेली नाही, हा तिचा सर्वांत गंभीर उणेपणा आहे.

६. उत्रोलीतील ग्राहकाचे प्रश्न

या चर्चेचा अर्थ भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावातून पाहिला असता अधिक स्पष्ट होतो. भोर शहराजवळचे हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याच्या, भातशेतीच्या प्रदेशात मोडते. येथील शेतकरी कुटुंबाने नवा फोन घ्यायचे ठरवले, तर त्याचे प्रश्न कोणते असतील? डोंगराच्या आडोशाला संपर्काची रेंज टिकते का? आषाढातल्या पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देतो का? भर उन्हात अक्षरे दिसतात का? वीज गेलेल्या दिवशी बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते का? बिघडला तर भोरला दुरुस्त होतो की पुणे गाठावे लागते?

यांत भाषेचा प्रश्नही आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकूर नीट उमटत नसे. कोठे रिकामे चौकोन दिसत, कोठे पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरे सुटी होत. त्या काळी एखादा फोन उत्तम असल्याचे सांगणाऱ्या वैशिष्ट्यांच्या यादीत या दोषाचा उल्लेखही नसे. कारण यादी लिहिणाऱ्याने त्यावर मराठी वाचलेच नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा, असा आदेश काढला, त्यामागे हीच उणीव होती. आजही 'ळ' चटकन सापडतो का, 'कुऱ्हाड' किंवा 'सुऱ्या' लिहिताना अर्धा 'ऱ' सरळ उमटतो का, हे लिहून पाहणाऱ्यालाच कळते.

वापराची सर्वांत बोलकी कसोटी राज्य शासनाच्याच एका उपक्रमाने निर्माण केली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करायची, बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि त्याबरोबर शेताचे स्थानही नोंदले जायचे, अशी ही योजना. येथे कॅमेरा, स्थाननिश्चिती, पडद्याची उन्हातील स्पष्टता, बॅटरी आणि संपर्क या पाच गोष्टींची परीक्षा एकाच वेळी, चिखलात उभे राहून होते. सातबाऱ्यावरील नोंद, आणि पुढे विमा वा नुकसानभरपाई, या परीक्षेवर अवलंबून असते. घोषणेच्या दिवशी प्रोसेसरच्या गुणांकांची तुलना करणाऱ्या टीकेत या परीक्षेला स्थान नसते.

म्हणजे वापरपूर्व टीकेचा दोष घाईपुरता मर्यादित नाही. वापर नसल्यामुळे ती कोणाच्याच जगण्याशी जोडलेली नसते, म्हणून यादीत जे मोजता येते तेवढेच ती मोजते. उत्रोलीतील शेतकरी, भोरला महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी आणि पुण्यातील नोकरदार यांच्यासाठी तिचा निकाल एकच असतो. चुकीच्या निकालाची किंमत मात्र तिघांना सारखी पडत नाही. नोकरदार पुढच्या वर्षी फोन बदलतो. शेतकऱ्याच्या घरात तोच फोन आधी वडिलांच्या, मग मुलीच्या आणि शेवटी आजीच्या हाती जाईपर्यंत वर्षानुवर्षे वापरावा लागतो. 'घेऊ नये' या दोन शब्दांमुळे टाळलेला चांगला फोन आणि 'डोळे झाकून घ्यावा' या शब्दांमुळे गळ्यात पडलेला वाईट फोन, या दोन्हींचा भार त्या घरावरच पडतो.

७. नजरअंदाज ते अंतिम : एक पर्यायी पद्धत

मग वापरापूर्वी काही बोलूच नये काय? या प्रश्नाचे उत्तर शेतीच्याच व्यवहारात सापडते. पिकाचे उत्पन्न किती येईल, याचा अंदाज शासनाला कापणीपूर्वीच हवा असतो. कारण टंचाईची तयारी कापणीपर्यंत थांबू शकत नाही. म्हणून महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत उभ्या पिकाकडे पाहून प्रथम नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते. त्यानंतर सुधारित पैसेवारी येते. शेवटी शेतात ठरावीक मापाचे क्षेत्र आखून, त्यातील पीक कापून, झोडून आणि वजन करून पीक कापणी प्रयोग केले जातात आणि त्यांच्या आधारे अंतिम पैसेवारी ठरते. पन्नास पैशांच्या आतील पैसेवारी ही परंपरेने टंचाईची खूण मानली गेली आहे. म्हणून या तीन पायऱ्यांतील फरक गावाला चांगलाच ठाऊक असतो. नजरअंदाज चुकला, तर अंतिम आकड्याने तो दुरुस्त व्हावा, ही अपेक्षा त्या व्यवस्थेतच अंतर्भूत आहे. प्रत्यक्षात या आकड्यांवर वाद होतात, तक्रारी होतात. परंतु वाद घालण्यासाठी तिन्ही आकडे कागदावर असतात.

या पद्धतीतील तीन तत्त्वे टीकाव्यवहाराला उपयोगी पडण्यासारखी आहेत. पहिले तत्त्व नावाचे. अंदाजाला तेथे अंदाज म्हटले जाते, तो निकाल म्हणून खपवला जात नाही. वापरपूर्व मतानेही आपण काय पाहून बोलत आहोत, छायाचित्र, यादी, सादरीकरण की प्रत्यक्ष वस्तू, हे आरंभीच सांगावे. दुसरे तत्त्व पुनर्भेटीचे. ज्याने नजरअंदाज केला, त्याच व्यवस्थेवर अंतिम आकडा देण्याची जबाबदारी असते. टीकाकारानेही काही महिन्यांच्या वापरानंतर आपल्या पहिल्या मताकडे परत यावे आणि काय टिकले, काय चुकले, हे नोंदवावे. तिसरे तत्त्व जागेचे. पैसेवारी गावागणिक वेगळी असते. भोरचा आकडा बारामतीला लावला जात नाही. फोनचे मूल्यमापनही कोणत्या वापरासाठी व कोणत्या ठिकाणी, हे सांगून व्हावे.

येथे एक आक्षेप संभवतो. टीका ही शासकीय नोंद नव्हे, तिला अशा पायऱ्यांत बांधले तर तिचे स्वातंत्र्य आणि तेज लोपेल, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. 'फ्रीडम २५१' सारख्या प्रसंगी तत्काळ, निर्भीड आणि पायऱ्यांची वाट न पाहता बोलणाऱ्या टीकेनेच ग्राहकांना सावध केले. परंतु ती टीका आपल्या अधिकारक्षेत्रातच होती, हे विसरता येत नाही. तिने फोन चालवायला कसा आहे, हे सांगितले नाही. तो या किमतीत मिळणे अशक्य आहे, एवढेच सांगितले. अधिकारक्षेत्राचे भान असल्यामुळेच ती टीका टिकली. भान ठेवल्याने टीकेचे तेज कमी होत नाही, हेच यावरून दिसते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) वापरपूर्व टीका ही आश्वासनाची टीका आहे. किंमत, माप, अटी, धोरण आणि शक्यता यांपुरती ती प्रमाण मानता येते.

(२) सोय, सवय, टिकाऊपणा आणि सुरक्षितता यांविषयीचे वापरपूर्व निकाल सव्यभिचार हेतूवर उभे असतात. २००७ व २०११ मधील टीका आणि २०१६ मधील स्तुती, दोन्ही याच कारणाने फसल्या.

(३) वस्तू हाताळून घेण्याची संधी विक्रीच्या नव्या पद्धतीने कमी केली, म्हणून वापरपूर्व टीकेचे वजन वाढले. टीकाकारांना दोष देताना ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे.

(४) वापरापासून तुटलेली टीका स्थानिक प्रश्न विचारू शकत नाही. ग्रामीण, मराठी वाचणाऱ्या ग्राहकाचे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतात आणि चुकीच्या निकालाचा अधिक भार त्यालाच सोसावा लागतो.

(५) अंदाजाला अंदाज म्हणणे, वापरानंतर पुन्हा भेट देणे आणि जागा सांगणे, या तीन गोष्टी पाळल्यास वापरपूर्व टीका ग्राहकाच्या हिताची ठरू शकते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. विद्यार्थी पुस्तक न वाचता त्यावरील मत उचलतो, अशी तक्रार वर्गावर्गांतून ऐकू येते. ती सवय त्याला पुस्तकांच्या बाहेरच, दररोजच्या खरेदीच्या चर्चेत लागत असण्याचा संभव आहे. मूल्यमापन आणि पूर्वग्रह यांतील सीमारेषा त्याला 'घाशीराम'च्या उदाहरणाने जितकी समजावता येईल, तितकीच त्याच्या खिशातील फोनच्या उदाहरणानेही समजावता येईल.

पीक पाहणी चावडीत बसून होत नाही. त्यासाठी बांधावर जावे लागते, हे उत्रोलीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. टीकेलाही बांधावर जावे लागते. तोवर तिने जे म्हटले, त्याला नजरअंदाज एवढेच नाव शोभते.